नोकरी शोधताना दिवस कसा आखायचा: अभ्यास, अर्ज आणि छंद एकाच वेळापत्रकात

पदवी हातात आहे, कॅम्पसमधून नोकरी लागलेली नाही आणि आता सॉफ्टवेअर, टेस्टिंग किंवा डेटा ॲनालिसिसमध्ये काम शोधायचं आहे. हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे, मग ती पुण्यात रूम घेऊन राहत असोत की सांगली-लातूरला घरी परतलेली असोत.

अशा मुलांची वेळापत्रकं माझ्याकडे सतत येतात आणि त्यांत साधारण एकच चूक असते. पहाटे पाचला उठायचं, आठपर्यंत अभ्यास, नऊ ते बारा पुन्हा अभ्यास, दुपारी अर्ज, संध्याकाळी व्यायाम, रात्री परत अभ्यास. मग बुधवारी अकरा वाजता एचआरचा फोन येतो, "उद्या येऊ शकाल का?" तो दिवस तयारीत जातो, पुढचा मुलाखतीत, त्यानंतरचा थकव्यात. शनिवारी वाईट वाटतं आणि रविवारी नवं वेळापत्रक तयार होतं. ज्या बोलावण्यासाठी एवढी धडपड चालली आहे, नेमकं तेच आल्यावर सगळी आखणी कोसळते.

तेव्हा दोन गोष्टी उलट्या कराव्या लागतील. आखणीची सुरुवात अभ्यासाच्या तासांपासून करायची नाही, आणि वेळापत्रक एक न करता तीन तऱ्हेच्या दिवसांचं करायचं. पण त्याआधी थोडी तयारी लागते. ती न करता थेट तक्ता आखायला बसलात तर हाही तक्ता आधीच्यांसारखाच जाईल.

## पूर्वतयारी: तक्ता आखण्याआधीचा आठवडा

१. आहे तसा आठवडा लिहून काढा

एक साधी वही घ्या. सात दिवस, अर्ध्या-अर्ध्या तासाने काय चाललं होतं ते एका ओळीत लिहा. झोपेतून खरोखर कधी उठलात, मोबाईल किती वेळ हातात होता, मेसला किती वाजता गेलात, आईने बँकेत किंवा दळणाला कधी पाठवलं, वीज कधी गेली, सगळं. शेजारी आणखी एक खूण करा: डोकं ताजं होतं की जड. चौथ्या-पाचव्या दिवशी या खुणांतूनच दिसायला लागतं की तुमची चांगली वेळ सकाळची आहे की रात्री नऊनंतरची. अनेकांना ती वेळ पहाटेची वाटते, कारण तसं ऐकलेलं असतं. वही काहीतरी वेगळंच सांगते.

*सावधान:* या आठवड्यात सुधारणा करू नका. वही लिहायची म्हणून लवकर उठलात तर नोंद खोटी पडेल, आणि पुढची आखणी त्या खोट्या नोंदीवर उभी राहील.

२. काय शिकायचं ते जाहिरातींवरून ठरवा

'पायथन शिकतोय, सोबत जावा, थोडं क्लाउड, जमलं तर मशीन लर्निंग.' असा अभ्यासक्रम कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही. आधी एक पद निवडा. त्या पदाच्या पंचवीस-तीस जाहिराती लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉमवरून गोळा करा. मात्र फक्त तुम्ही पात्र आहात अशाच. अनुभव शून्य ते दोन वर्षं, तुमचं पदवीचं वर्ष बसतंय, आणि दहावी-बारावी-पदवीला साठ टक्क्यांची अट असेल तर ती पूर्ण होतेय. पाच वर्षं अनुभव मागणाऱ्या जाहिरातीतली कौशल्यं मोजून उपयोग नाही.

आता प्रत्येक जाहिरातीत मागितलेली कौशल्यं एका कागदावर उभ्या रेघा मारून मोजा. डेटा ॲनालिस्टसाठी मोजलंत तर एसक्यूएल, एक्सेल आणि पॉवर बीआय वर येतील, त्यांच्या मागोमाग पायथन. जावा डेव्हलपरसाठी कोअर जावा, स्प्रिंग बूट, एसक्यूएल, गिट. पहिली तीन कौशल्यं हा तुमचा पुढच्या दोन महिन्यांचा अभ्यास. बाकीचं सगळं एका वेगळ्या पानावर 'नंतर' म्हणून लिहून ठेवा, म्हणजे ते डोक्यात घोळत राहणार नाही.

एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ) कोर्स घ्यायचा असेल तर या तीनपैकी एखाद्या विषयावरचा घ्या, आणि एका वेळी एकच. तिथे दर आठवड्याची असाइनमेंट असते आणि तिला मुदत असते. बारा आठवड्यांच्या कोर्सला अंतिम गुणांत सर्वोत्तम आठ असाइनमेंटचे २५ टक्के धरतात आणि उरलेले ७५ टक्के परीक्षेचे. दोन कोर्स एकदम घेतले की आठवड्याची अखेर असाइनमेंट भरण्यातच जाते, विषय कच्चा राहतो आणि परीक्षेत ते दिसतं.

३. अर्जाचं साहित्य एकदाच तयार करा

वेळापत्रक सुरू करण्याआधी दोन पूर्ण दिवस यासाठी द्या. एक पानाचा रेझ्युमे, पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव आणि पद दिलेलं. दोन रकान्यांचे, रंगीत पट्ट्यांचे, कौशल्यांना चांदण्या देणारे नमुने टाळा. कंपन्यांची चाळणी करणारी सॉफ्टवेअर असे रकाने नीट वाचतीलच असं नाही, आणि 'जावा: पाचपैकी चार चांदण्या' यातून मुलाखत घेणाऱ्याला काहीही कळत नाही. गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, आधार, पॅन, फोटो स्कॅन करून ड्राइव्हवर एकाच फोल्डरमध्ये. गिटहबवर (कोड ठेवण्याची आणि दाखवण्याची साइट) निदान एक प्रकल्प असा हवा, की तो काय करतो आणि कसा चालवायचा हे त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

त्याच दोन दिवसांत एक एक्सेल शीट करा. रकाने सात पुरेत: तारीख, कंपनी, पद, जाहिरात कुठे पाहिली, कुणाशी बोललो, पुढची तारीख, काय झालं. ही शीट पुढे फार लागणार आहे.

४. घरच्यांशी एकदा नीट बोला

घरी राहणाऱ्यांसाठी ही पायरी टाळण्यासारखी नाही. 'घरीच तर आहेस' म्हणून सिलिंडर, पाहुणे, लग्नाच्या पत्रिका, आजोबांची औषधं, सगळं तुमच्याकडे येतं, आणि त्यात घरच्यांचं काही चुकत नाही, कारण लॅपटॉपसमोर बसलेला माणूस काम करतोय की नाही हे बाहेरून दिसत नाही. 'मला डिस्टर्ब करू नका' असं म्हणून काही साधत नाही. त्याऐवजी वेळ द्या: "आई, सकाळी नऊ ते अकरा मी दार लावून बसणार. साडेअकरानंतर बाहेरची कामं सांग, मी करते." कुठलं काम कधी होईल हे कळलं की घरचे सांभाळून घेतात. घरात जागाच नसेल तर गावातली अभ्यासिका पाहा. आता तालुक्याच्या ठिकाणीही त्या निघाल्या आहेत आणि महिन्याच्या बोलीवर खुर्ची मिळते. फक्त तिथे फोनवर बोलता येतं का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

*तपासणी:* एका आठवड्याची वही, तीन कौशल्यांची यादी, तयार रेझ्युमे, रिकामी शीट आणि घरच्यांशी झालेलं बोलणं. पाचही आहेत? मग पुढे.

## टप्पा १: दुसऱ्यांच्या घड्याळावर चालणारं आधी लिहा

कोऱ्या आठवड्यावर पहिल्यांदा तुमच्या हातात नसलेल्या वेळा भरा. मेसच्या वेळा, पाणी येण्याची वेळ, क्लासची बॅच, तबल्याच्या गुरुजींनी दिलेला वार. पुण्यात असाल तर गुरुवारवर खूण करा, कारण महावितरणची आणि पाणीपुरवठ्याची देखभालीची कामं बहुधा त्या दिवशी निघतात. बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, म्हणजे रविवारी रात्रीच्या जेवणाचा वेळ आणि खर्च वेगळा धरायचा.

मग सगळ्यात महत्त्वाची पट्टी: सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा. एचआरचे फोन याच वेळात येतात. याचा अर्थ दिवसभर फोन हातात धरून बसायचं असा नाही. रिंगर चालू, बाकी सगळ्या सूचना बंद, फोन टेबलापासून दोन पावलांवर, आणि त्याच्या शेजारी कागद-पेन. अनोळखी नंबर उचला. कागदावर पाच शब्द आधीच लिहून ठेवा: कंपनी, पद, ठिकाण, पुढची फेरी, मेल. फोनवर या पाचांची उत्तरं लिहा आणि "सविस्तर मेल पाठवाल का?" असं विचारा. गडबडीत कंपनीचं नाव नीट ऐकलं नाही आणि मग दिवसभर तो नंबर लागत नाही, हे फार जणांच्या बाबतीत होतं.

## टप्पा २: अभ्यासाचे दोनच तुकडे

वहीत जी वेळ ताजी निघाली तिथे दीड तासाचा पहिला तुकडा ठेवा. दुसरा दीड तासाचा, दुपारच्या जेवणानंतरची झापड उतरल्यावर किंवा रात्री. शिवाय वीस-तीस मिनिटं ॲप्टिट्यूडसाठी, कारण टीसीएसच्या एनक्यूटीसारख्या परीक्षांत कोडिंगच्या जोडीला गणित, तर्क आणि इंग्रजी असतंच आणि ते आयत्या वेळी जमत नाही. एवढंच. साडेतीन तास मनापासून केलेला अभ्यास कमी नाही. दहा तासांचं वेळापत्रक लिहिणारे बहुतेक जण त्यातला निम्मा वेळ व्हिडिओ बघण्यात घालवतात आणि तो अभ्यास म्हणून मोजतात.

तुकड्याच्या आत काय करायचं, हे ठरवलं नाही तर तो तुकडा कोर्स शोधण्यातच जातो. पहिला तुकडा असा वापरा:

१. पहिली दहा मिनिटं काल शिकलेलं कोऱ्या कागदावर, काहीही न उघडता लिहा. उदाहरणार्थ, एसक्यूएलमधल्या लेफ्ट जॉइन आणि इनर जॉइनमधला फरक, दोन छोट्या टेबलांसह. आठवलं नाही ते आजचं पहिलं काम.

२. पुढची वीस-पंचवीस मिनिटं नवा भाग. व्हिडिओ असेल तर इतकाच वेळ, जास्त नाही.

३. त्यानंतर पाऊण तास स्वतः टाइप करा. व्हिडिओतलं उदाहरण तसंच उतरवू नका. टेबल बदला, अट बदला, मुद्दाम चूक करा आणि एरर वाचा. एरर वाचता येणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि मुलाखतीत समोर बसून कोड लिहायला सांगतात तेव्हा तेच कामी येतं.

४. शेवटची दहा मिनिटं केलेलं काम गिटहबवर चढवा आणि उद्याची पहिली ओळ लिहून ठेवा: 'उद्या: विंडो फंक्शन, रँक आणि डेन्स रँक.' ही एक ओळ दुसऱ्या दिवशीची सुरुवात फार सोपी करते.

दुसरा तुकडा प्रकल्पासाठी किंवा प्रश्न सोडवण्यासाठी. लीटकोडवरचा (कोडिंगच्या सरावाची साइट) प्रश्न चाळीस मिनिटांत सुटला नाही तर उत्तर पाहा, समजून घ्या, आणि तारीख टाकून ठेवा. तीन दिवसांनी तोच प्रश्न, न पाहता. मग आठवड्याने पुन्हा. सोडवलेल्या प्रश्नांचा आकडा वाढवण्यापेक्षा हे पुन्हा-पुन्हा येणं जास्त मोलाचं आहे, कारण मुलाखतीत नवा प्रश्न येतो तो जुन्याच कुठल्यातरी प्रश्नाच्या वळणाचा असतो.

*सावधान:* गिटहबवर रोजच्या कामाची नोंद दाखवणारे हिरवे चौकोन भरावेत म्हणून रोज एखादा स्वल्पविराम बदलू नका. मुलाखत घेणारा प्रकल्प उघडून "ही ओळ का लिहिलीस?" असं विचारतो.

*तपासणी:* आठवड्याच्या शेवटी, शिकलेल्या एका विषयावर मोठ्याने पाच मिनिटं बोलता येतंय का? मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. अडखळायला झालं तर तो विषय अजून झालेला नाही.

## टप्पा ३: अर्जांना कुंपण घाला

नोकरी शोधण्याचं काम पसरतं. दर दहा मिनिटांनी लिंक्डइन उघडणं हे शोधणं नव्हे, ती फक्त काळजी असते, आणि ती अभ्यासाचा वेळही खाते. म्हणून या कामाला दोन ठरलेल्या खिडक्या द्या.

सकाळची खिडकी, एक तास. लिंक्डइनवर गेल्या चोवीस तासांतल्या जाहिराती एवढीच चाळणी लावा. जुन्या, शेकडो अर्ज पडलेल्या जाहिरातींमागे लागू नका. नोकरी डॉट कॉमवर आपलं खातं रोज उघडा, कारण भरती करणाऱ्यांना अलीकडे सक्रिय असलेले उमेदवार वेगळे काढता येतात. पूर्ण वाचून केलेले चार-पाच अर्ज पुरे. जाहिरात वाचा, रेझ्युमेतला सगळ्यात जवळचा प्रकल्प वर घ्या, पाठवा, शीटमध्ये ओळ भरा. शीटमध्ये नोंद झाल्याशिवाय अर्ज झाला असं धरू नका.

संध्याकाळची खिडकी, अर्धा तास. ही माणसांसाठी. कॉलेजचे सीनियर, क्लासमधले मित्र, गावातलं कुणी त्या कंपनीत असेल तर ते. रोज दोघांना लिहा. संदेश चार ओळींचा: मी कोण, कुठल्या जाहिरातीसाठी आणि तिचा क्रमांक काय, मला येणारी दोन संबंधित कौशल्यं, रेझ्युमे सोबत जोडला आहे. नुसतं 'सर, काही ओपनिंग असेल तर सांगा' असं लिहिलं की समोरच्याला तुमच्यासाठी शोधाशोध करावी लागते, आणि ती सहसा कुणी करत नाही. जाहिरातीचा क्रमांक दिलात तर त्याचं काम दोन मिनिटांत होतं. सात दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच, नम्रपणे आठवण करा. मग सोडून द्या.

मोठ्या कंपन्यांपलीकडेही पाहा. केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवर पदवी आणि पदविकाधारकांसाठी स्टायपेंड असलेल्या अप्रेंटिसशिप असतात. राज्य सरकारच्या महास्वयम् पोर्टलवर रोजगार मेळाव्यांच्या तारखा मिळतात. आठवड्यातून एकदा, सोमवारच्या खिडकीत, हे पाहिलं तरी पुरतं.

*सावधान:* नोंदणी शुल्क, लॅपटॉपचं डिपॉझिट, 'ट्रेनिंग फी', मुलाखतीची तारीख पक्की करण्याचे पैसे, यांपैकी काहीही मागितलं की तिथेच थांबा. खरी नोकरी देणारा पैसे मागत नाही. कंपनीचं नाव मोठं असलं तरी मेल साध्या जीमेलवरून आला आहे का ते पाहा. पैसे गेले असतील तर लाजू नका आणि वेळही घालवू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

## टप्पा ४: छंदाला बक्षीस करू नका

'आजचे पाच अर्ज झाले की गिटार.' ही सवय मोडा. नोकरी मिळेपर्यंत अर्ज कधी 'झाले' असं वाटतच नाही. त्यामुळे गिटार रोज उद्यावर जाते, आणि तीन आठवड्यांनी माणूस स्वतःलाच ओळखेनासा होतो: चिडचिड, रात्रीची जाग, मुलाखतीत आवाजात उतरलेलं दडपण. 'आपल्याला वेगळं काय आवडतं?' या प्रश्नावर मुलाखतीत गप्प बसलेली मुलं मी पाहिली आहेत. आवड सुटून इतके दिवस झालेले असतात की सांगण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून छंदाची वेळ तक्त्यात अभ्यासासारखीच शाईने लिहा. आठवड्यात निदान दोन वेळा तो दुसऱ्या माणसांसोबत असू द्या, म्हणजे टाळणं अवघड जातं. तबल्याचा क्लास, संध्याकाळचं क्रिकेट, भजनी मंडळ, ट्रेकचा गट, काहीही चालेल. उरलेल्या दिवशी एकट्याने वीस-तीस मिनिटं. ज्यांचा सगळा दिवस स्क्रीनसमोर जातो त्यांनी निदान एक छंद स्क्रीनबाहेरचा ठेवावा असं माझं ठाम मत आहे. गेम आणि रील्सनी डोळ्यांना आणि मानेला विश्रांती मिळत नाही.

इथे दोन खास गोष्टी सांगायला हव्यात, कारण त्यांवरून बरीच ओढाताण होते.

ढोल-ताशा पथकात असाल तर सराव गणपतीच्या साधारण दोन महिने आधी सुरू होतो आणि संध्याकाळ त्यातच जाते. तेवढ्या काळासाठी संध्याकाळची खिडकी आणि दुसरा अभ्यास-तुकडा आधीच दुपारी हलवा. रोज रात्री अकराला घरी येऊन अभ्यास करू अशा आशेवर राहू नका, हात आणि कान दोन्ही थकलेले असतात. पुण्यातली विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा त्यानंतरच्या दिवशी मुलाखत देण्याची वेळ आली आणि तारीख निवडण्याची मुभा असेल तर एक दिवस पुढची मागा.

ट्रेकला जाणाऱ्यांनी शनिवार-रविवारच धरावा. राजगडासारख्या किल्ल्यावर मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, आणि आठवड्याच्या मधल्या वारी गेलात तर आलेला फोन चुकतो. पावसाळ्यात रविवारी गर्दी असते, शिवाय सोमवारी सकाळी ताजं असणं महत्त्वाचं. शनिवारचा ट्रेक म्हणूनच जास्त चांगला, रविवार पायांना मिळतो.

## टप्पा ५: तीन तऱ्हेचे दिवस

आता तक्ता आखा, पण तीन कागदांवर.

रोजचा दिवस. सकाळी ताजं डोकं असणाऱ्यांसाठी एक नमुना:

७:०० उठणं, आवरणं, थोडं चालणं
८:०० नाश्ता, ॲप्टिट्यूडची वीस मिनिटं
९:०० पहिला अभ्यास-तुकडा
१०:३० चहा, मग अर्जांची खिडकी
११:४५ घरची, बाहेरची कामं
१:०० जेवण, आडवं होणं
३:०० दुसरा अभ्यास-तुकडा
४:३० मोकळं
५:३० माणसांना लिहिण्याची खिडकी
६:१५ छंद
८:३० जेवण, घरचे, मित्र
११:०० झोप

साडेचार ते साडेपाच हा रिकामा तास चुकून राहिलेला नाही. दिवसात जे काही लांबतं ते इथे मावतं. तो तास भरून टाकलात तर पहिल्याच अडचणीला रात्रीची झोप कापली जाईल.

मुलाखतीचा दिवस. बोलावणं आलं की रोजचा कागद बाजूला आणि हा कागद समोर. आदल्या दिवशी अभ्यासाच्या दोन्ही तुकड्यांत नवं काहीही शिकायचं नाही. पहिल्यात जाहिरात ओळीओळीने वाचून प्रत्येक मागणीसमोर आपलं एक उदाहरण लिहा. दुसऱ्यात रेझ्युमेतली प्रत्येक ओळ मोठ्याने समजावून सांगा. कागदपत्रं, रेझ्युमेच्या दोन प्रती, कपडे रात्रीच काढून ठेवा.

मुलाखत पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कमध्ये सकाळी दहाला असेल तर नकाशावर दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नका. तो अंदाज मोकळ्या रस्त्याच्या वेळी पाहिलेला असतो. सकाळच्या कोंडीत फेज एकपासून फेज तीनपर्यंतचं अंतरसुद्धा बराच वेळ खातं. साडेनऊला गेटवर पोहोचायचं असं धरून मागे मोजत निघण्याची वेळ ठरवा. गेटवरची नोंद आणि लिफ्ट यांतही पंधरा मिनिटं जातात. ऑनलाइन असेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज, मोबाईलचा हॉटस्पॉट एकदा जोडून पाहिलेला, आणि तो दिवस गुरुवार असेल तर वीज असलेलं दुसरं ठिकाण ठरवून ठेवलेलं.

मुलाखत संपल्यावर तासाभरात, बसमध्ये बसून का होईना, विचारलेले सगळे प्रश्न लिहून काढा. रात्रीपर्यंत निम्मे विसरले जातात. दुसऱ्या दिवशीचा पहिला अभ्यास-तुकडा या प्रश्नांचाच. निवड झाली नाही तरी त्या कंपनीने तुम्हाला नेमकं काय येत नाही याची यादी दिलेली असते. अशा चार-पाच याद्या जमल्या की कुठल्याही कोर्सपेक्षा त्या तुमच्या जास्त कामाच्या असतात. मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी छंद ठेवा, अर्ज नाही.

पडता दिवस. ताप, लग्न, वीज नाही, नकाराचा मेल, नुसतंच मन लागत नाही. यासाठी तिसरा कागद, चाळीस मिनिटांचा: एक एसक्यूएल क्वेरी किंवा एक जुना प्रश्न, एक अर्ज, मेल आणि स्पॅम फोल्डर तपासणं. हे तिन्ही झालं की तो दिवस पूर्ण झाला असं मानायचं आणि खरंच उठायचं. राहिलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही. भरपाईचे तास साठत गेले की चौथ्या दिवशी तक्ता अशक्य होतो आणि माणूस सगळंच सोडतो.

## टप्पा ६: रविवारचा हिशेब

रविवारी अर्धा तास, शीट उघडून. किती तास बसलात हे मोजू नका. अर्ज किती, फोन किती, परीक्षा किती, मुलाखती किती, एवढंच पाहा आणि गळती कुठे आहे ते शोधा.

तीस-चाळीस अर्ज गेले आणि एकही फोन नाही: अभ्यास वाढवून हे सुटणार नाही. रेझ्युमे, निवडलेलं पद किंवा पात्रतेच्या अटी, यांत अडलंय. त्या क्षेत्रात काम करणाऱ्या एकाला रेझ्युमे दाखवा आणि 'वीस सेकंदांत तुला काय कळलं?' एवढंच विचारा. संध्याकाळची माणसांची खिडकी या आठवड्यात दुप्पट करा.

फोन येतात, पण ऑनलाइन परीक्षेत अडतं: दुसरा अभ्यास-तुकडा पूर्णपणे घड्याळ लावून सराव परीक्षांना द्या. विषय येतो पण वेळेत येत नाही, हे इथलं नेहमीचं कारण.

परीक्षा पार होते, मुलाखतीत अडतं: आता नवा कोर्स घेऊ नका. मित्राला समोर बसवून रोज वीस मिनिटं बोलण्याचा सराव करा. मराठी माध्यमातून आलेल्या बऱ्याच मुलांना उत्तर येत असतं, पण ते इंग्रजीत मांडताना वाक्य अर्ध्यावर सुटतं. रोज एक तांत्रिक उत्तर आधी मराठीत नीट लावा, मग छोट्या-छोट्या इंग्रजी वाक्यांत सांगा. मोठी, अवघड वाक्यं करण्याची गरज नसते.

*सावधान:* एका रविवारी एकच बदल करा. रेझ्युमे, पद, विषय आणि झोपेची वेळ एकदम बदलली तर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही. दोन आठवड्यांच्या आत पदही बदलू नका.

## नोकरी करता करता शोधत असाल तर

सपोर्टमध्ये किंवा कॉल सेंटरच्या शिफ्टमध्ये असाल तर टप्पे हेच, प्रमाण वेगळं. कामाच्या दिवशी एकच अभ्यास-तुकडा, शिफ्टच्या आधी. शिफ्टनंतर केलेला अभ्यास टिकत नाही. अर्जांची खिडकी एक दिवसाआड, आणि सुट्टीच्या दोनपैकी एकच दिवस अभ्यासाला. शीटमध्ये एक रकाना वाढवा: नोटीस पीरियडबद्दल (राजीनाम्यानंतर काम करावं लागणारे दिवस) काय सांगितलं. साठ-नव्वद दिवसांची नोटीस असेल तर पहिल्याच फोनवर खरी मुदत सांगा, शेवटच्या फेरीत ती उघड झाली तर सगळी मेहनत वाया जाते.

## ऑफर आल्यावर

फोनवर "तुमचं सिलेक्शन झालंय" असं सांगितलं तरी अर्जांची खिडकी चालू ठेवा. कंपनीच्या मेलवरून ऑफर लेटर आलं, त्यात पगार, ठिकाण, जॉइनिंगची तारीख आणि बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असल्यास त्याची मुदत लिहिलेली आहे, ती तुम्ही वाचली आहे, मग ती बंद करा. फ्रेशर्सची जॉइनिंगची तारीख काही वेळा महिनोन्‌महिने पुढे जाते, म्हणून शीट पुसू नका आणि सकाळचा एक अभ्यास-तुकडा तसाच राहू द्या. ज्यांनी रेफरल दिलं होतं, म्हणजे कंपनीत तुमचं नाव सुचवलं होतं, त्या प्रत्येकाला त्याच दिवशी कळवा. आणि जॉइन होण्याआधी क्लासच्या गुरुजींशी किंवा पथकातल्या लोकांशी बोलून संध्याकाळची वेळ नव्याने ठरवून घ्या, कारण हिंजवडीहून किंवा खराडीहून सहा वाजता निघणारा माणूस सव्वासहाला पेठेत पोहोचत नाही.